उदबत्ती मिस्त्री

कुणाच्याही घरी गेलं की माणसं आधी टेकायला जागा शोधतात, नाहीतर पाणी मागतात. मिस्त्री आधी उदबत्ती पेटवत. देवापुढे नव्हे, खोलीच्या मधोमध. सुताराच्या कानामागे पेन्सिल असते तशी त्यांच्या कानामागे अर्धी जळलेली उदबत्ती खोचलेली असे. ती पेटवून, हात लांब धरून ते उभे राहत आणि धुराची रेघ कुठे झुकते, कुठे घुटमळते ते टक लावून बघत. इतका वेळ बघत की नवख्या घरातल्या बायका एकमेकींना खुणावत, ह्यांच्या अंगात तर येत नाही ना! मग चिमटीत विझवलेली उदबत्ती परत कानामागे जाई आणि मिस्त्री निकाल देत, "ह्या खोलीला नाक न्हाई." त्यानंतर पाणी मागत.

ते मूळचे गवंडी. राहायला नगरजवळच भिंगारला. कँपातल्या गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांत भिंतीत बांधलेल्या शेकोट्या असत आणि त्यांची धुराडी छपरातून वर निघालेली. ती बांधायची, साफ करायची, धूर उलटा खोलीत यायला लागला तर दुरुस्त करायची, हे त्यांचं काम. एकदा एका साहेबाच्या धुराड्यात पाकोळ्यांनी घरटं केलं. साहेबाने सांगितलं, पाडून टाक. मिस्त्रींनी आत डोकं घालून पाहिलं, पिल्लं होती. "सायेब, पंधरा दिस थंडी सोसा," असं सांगून ते घरी निघून आले. साहेबाने म्हणे दुसरा माणूस बोलावला, तर तो मिस्त्रींचाच भाचा निघाला, त्यानेही तेच सांगितलं. ही गोष्ट खरी की मिस्त्रींनी रंगवलेली, देव जाणे. मला ती फार आवडायची.

त्यांची आणखी एक खोड होती आणि ती पुरुषमंडळींना फारशी रुचत नसे. काम घेताना ते घरच्या कर्त्याशी बोलतच नसत. "घरात आग कोन सांभाळतं?" असं विचारत आणि मग जी कोण बाई पुढे येईल तिलाच सगळं समजावून सांगत. कर्ता बिचारा बाजूला उभा राहून मिशा कुरवाळत असे. आमच्या घरी त्यांनी हा प्रश्न विचारला तेव्हा पुढे आले ती मी. आई तीन वर्षांपूर्वी गेली होती, घरचा स्वयंपाक माझ्याकडे होता. वय एकोणीस, मॅट्रिक झालेली आणि आपल्याला बरंच कळतं असं समजणारी.

दुसरी मोठी लढाई संपली त्या सालचा तो हिवाळा. कँपातले साहेबलोक बिऱ्हाडं आवरत होते आणि त्यांच्या सामानाचे लिलाव चालले होते. माझा भाऊ, दादा, तिथून एक रॉकेलचा हीटर घेऊन आला. काळं लोखंडी पिंप, आत वात, वर जाळी. पेटवला की निळी ज्योत आणि वर लालबुंद झालेली जाळी. धूर म्हणाल तर नावाला नाही. वहिनीचे दिवस भरत आले होते. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच व्हायचं होतं. बाळंतिणीच्या खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवायची आपली रीत. पण कोळशाच्या धुराने बाळाचे डोळे चुरचुरतात, त्यापेक्षा ही साहेबाची बिनधुराची शेगडी बरी, असं दादाचं म्हणणं. रॉकेल रेशनवर मिळे, तरी त्याने कुठून कुठून डबे भरून ठेवले होते. हीटर नीट बसवून द्यायला त्याने मिस्त्रींना बोलावलं.

बाळंतिणीची खोली म्हणजे माजघरालगतची एक आंधळी खोली. खिडकी नाही, एकच दार. मिस्त्रींनी उदबत्ती धरली, तर रेघ सरळ वर गेली आणि आढ्याखाली साचून राहिली. त्यांनी मान हलवली. "इथं हिटर बसवायचा तर दोन भोकं पाडावी लागतील. एक खाली, एक वर."

दादा हसला. "अहो मिस्त्री, ह्याला धूरच नाही. धुराडं लागत नाही म्हणून तर घेतला!"

"दादासायेब, धूर दिसतो ती आग बरी. डोळं चुरचुरत्यात, मानूस उठून भाईर तरी पळतो. ही लई गुनाची दिसती, काईच बोलत न्हाई. मला हिचंच भ्या वाटतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, आग बी हवा खाती. आपल्याच ताटातली खाती. खोली बंद, ताट एक, खानारी तिघं. बाळ, बाळाची आई आनि ही. हिचं पोट सगळ्यात मोठं हाय."

अण्णा, म्हणजे आमचे वडील, कोर्टात शिरस्तेदार होते आणि त्यांना कुठलीही गोष्ट रिवाजाबाहेर गेलेली खपत नसे. बाळंतिणीच्या खोलीला वारा लागू नये म्हणून दाराच्या फटींतसुद्धा गोधड्या कोंबतात आणि हा माणूस भिंतीला भोकं पाडायला निघालाय, लोक काय म्हणतील! मिस्त्रींनी वाद घातला नाही. पिशवी उचलली. "मग रावसायेब, हिटर वसरीवर ठिवा आनि ऊब घ्या. मी चाललो." दादाने त्यांना दारातून परत आणलं.

काम दोन दिवस चाललं. खाली दाराशेजारी वीतभर भोक, त्याला पत्र्याची जाळी. वर आढ्याजवळ मातीचा पाइप, बाहेरच्या बाजूला कललेला, म्हणजे पाऊस आत यायला नको. मिस्त्री स्टुलावर उभे राहून पाइप बसवत होते आणि मी खालून चुन्याचं घमेलं देत होते. ओसरीवर वहिनीची मावशी अण्णांशी बोलत बसली होती. बाळंतपणासाठी ती मुद्दाम आली होती आणि येताना माझ्यासाठी स्थळ घेऊन आली होती. मुलगा तिच्या दिराचा, नेवाशाला शाळेत मास्तर, निर्व्यसनी. "त्यांचं मागणं काही नाही हो," मावशी सांगत होती, "मुलगी सांगितलेलं ऐकणारी हवी, एवढंच." मला घमेलं कुठे ठेवावं कळेना. मिस्त्रींनी वरून पाहिलं आणि मिश्कीलपणे विचारलं, "ताई, लगीन ठरतंय व्हय?" मी लाजून खाली बघितलं. "चांगलंय. आमच्या थोरलीचं अशीच एक मावशी येऊन ठरलं," म्हणाले आणि पुन्हा पाइपात तोंड घातलं.

जाताना त्यांनी कानामागची उदबत्ती काढून माझ्या हातात दिली. खालच्या भोकापाशी धरली की धूर आत वाकला पाहिजे, वरच्या पाइपापाशी धरली की बाहेर ओढला गेला पाहिजे. रोज हीटर पेटवायच्या आधी बघायचं. एक जरी भोक बंद दिसलं, तर हीटर पेटवायचा नाही. माझ्याकडून दोनदा करून घेतलं. "हे तुमच्या हवाली, ताई," म्हणाले. एवढं मोठं काम आजवर मला कुणी दिलं नव्हतं.

आठवड्याने वहिनीला मुलगी झाली. नऊ दिवस मी न चुकता उदबत्ती धरली. खोटं कशाला सांगू, त्या नऊ दिवसांत मी थोडी मिरवलेही. शेजारच्या बायका आल्या की त्यांच्यादेखत मुद्दाम धूर करून दाखवी.

दहाव्या दिवशी गार वारं सुटलं होतं. न्हाणं झाल्यावर बाळ दोनदा शिंकलं. मावशीने जाळीपाशी हात धरून पाहिला आणि कपाळावर मारून घेतला. "अगं, बाळंतिणीच्या खोलीत हे वाऱ्याचे बोगदे ठेवलेत होय! बुजवा आधी."

"पण मिस्त्री म्हणाले होते..."

"मिस्त्री कधी बाळंत झाला होता का?"

असं म्हणून ती स्वतःच हसली. मावशी माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "शिकलेल्या पोरींचं हे असंच. एक सांगावं तर दहा उत्तरं." त्या बघण्याचा अर्थ मला बरोबर कळला. चार दिवसांनी नेवाशाचे लोक मला बघायला येणार होते. न्हाऊन वहिनीला गाढ झोप लागली होती. मी मुकाट्याने खालच्या जाळीत गोणपाट कोंबलं. माझं एक जुनं हिरव्या चौकडीचं पातळ होतं. अर्ध्याची बाळाला दुपटी शिवली होती, उरलेल्याची गुंडाळी करून मी स्टुलावर चढले आणि वरच्या पाइपात घट्ट बसवली. मावशी म्हणाली, "शहाणी माझी बाई." मावशी ओसरीवर जाऊन बसली आणि हीटर पेटवून, दार लोटून मी स्वयंपाकाला गेले. म्हटलं, तासाभराने मावशी कलंडली की काढून टाकीन.

तासाभराने माझी पोळ्यांची कणीक तिंबून झाली होती आणि मनात नेवाशाच्या लोकांपुढे कुठलं लुगडं नेसावं हे चाललं होतं. खीर घेऊन गेले आणि दार उघडून वहिनीला हाक मारली. तिने ओ दिली नाही. हलवलं तर मान एका बाजूला पडली. बाळाच्या अंगात त्राण नव्हतं. मी ओरडले. दादा धावत आला, त्याने वहिनीला उचलून अंगणात आणलं, मी बाळाला. खोलीतून बाहेर पडताना मी पायाने गोणपाट ओढून खाटेखाली लोटलं, हे मला आजही स्पष्ट आठवतं. पोर हातात निपचित पडलेलं आणि माझा पाय पुरावा लपवत होता.

बाळ रडलं. किती वेळाने, ते सांगता येणार नाही. वहिनीला ओकाऱ्या झाल्या, डोकं फुटतंय म्हणाली, पण शुद्धीवर आली. डॉक्टर म्हणाले, हवा कोंडली होती, आणखी थोडा वेळ गेला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या. मावशी म्हणाली, "तरी मी सांगत होते, ते इंग्रजी लचांड घरात नको." भोकांबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. मीही नाही. वहिनीला आणि बाळाला माजघरात हलवलं, तिथे रात्रभर माणसं होती आणि वरची गुंडाळी काढायला मला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांनी मिस्त्रींना बोलावून घेतलं. आजवर अण्णा त्यांना अहोजाहो करत. त्या दिवशी एकदम अरेतुरेवर आले. "भिंत फोडलीस, दोन दिवस चुना कालवलास आणि माझी नात मरता मरता वाचली! हे तुझं काम?" मिस्त्रींनी ऐकून घेतलं. म्हणाले, "एकडाव खोली बघतो." मी त्यांच्यामागून आत गेले. जावंच लागलं, आग सांभाळणारी मीच होते ना.

त्यांनी उदबत्ती पेटवली. खाली धूर आत वाकला. वर पाइपापाशी धरली, तर रेघ हललीच नाही. ते स्टुलावर चढले, पाइपात हात घातला आणि हिरव्या चौकडीची गुंडाळी बाहेर ओढली. उलगडून पाहिली. खोलीतल्या दोरीवर बाळाची दुपटी वाळत होती, हिरव्याच चौकडीची. मिस्त्रींनी दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, हे कुनी घातलं?"

बाहेर अण्णांचा आवाज चढलेला होता, मावशी त्यांना काहीतरी सांगत होती. मी म्हणाले, "मला काय माहीत!"

ते थांबले. उदबत्तीची राख गळून खाली पडली तरी हात तसाच धरून होते. मला अजून एक संधी देत होते, हे त्या वेळीच कळत होतं. मी दोरीवरची दुपटी काढून घडी घालायला लागले. मग त्यांनी ते कापड पिशवीत टाकलं आणि बाहेर गेले. "रावसायेब," त्यांचा आवाज मला आत ऐकू आला, "पाइप बारका पडला. हवा ओढंना. माझा अदमास चुकला."

मी आत दुपट्याची तीच घडी मोडून पुन्हा घालत होते.

अण्णा गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. कोर्टात सांगितलं, देवळात सांगितलं. कँपातल्या बंगल्यांची कामं ज्या कंत्राटदाराकडे होती तो त्यांच्या ओळखीचा, त्यालाही सांगितलं. स्वतःच्या तोंडाने चूक कबूल केलेल्या गवंड्याला धुराड्याचं काम कोण देणार? नव्याने बंगल्यांत राहायला आलेल्या अंमलदारांकडे दुसरा माणूस जाऊ लागला. मिस्त्री नगरात दिसेनासे झाले. तोवर नेवाशाचे लोक येऊन मला पसंत करून गेले होते आणि वैशाखात माझं लग्न झालं. मावशी सगळ्यांना सांगत होती, पोरगी फार गुणाची, शब्दाबाहेर जात नाही.

नेवाशाला माझा संसार चांगला चालला. हे मी आनंदाने लिहिते आहे असं कुणी समजू नये. दोन हिवाळे गेल्यावर शाळेतल्या एका मुलाच्या वडिलांनी आम्हाला त्यांच्या गुऱ्हाळावर रस प्यायला बोलावलं. कढईखालच्या चुलाणाच्या तोंडाशी एक माणूस गुडघ्यांवर बसून हात लांब करून काहीतरी बघत होता. हातात उदबत्ती होती. मी रसाचा पेला खाली ठेवला.

त्यांनीच ओळखलं. "ताई! बाळ कसं हाय?"

"चांगलं आहे. चालतं, बोलतं."

"झ्याक झालं," म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खरोखरच उजळला. कँपातलं काम सुटल्यापासून ते हंगामात प्रवरेकाठची गुऱ्हाळं धरत आणि चुलाणं बांधून देत. तोंडावर जाळाच्या झळा बसून कातडी काळी पडली होती. खोकतही होते. आमच्या ह्यांनी त्यांना आमच्या धुरकट स्वयंपाकघराबद्दल सांगितलं, तर पुढच्या रविवारी पिशवी घेऊन हजर झाले. मधोमध उभं राहून उदबत्ती धरली. "नाक हाय, पर चोंदलंय," म्हणाले.

दिवसभर ते काम करत होते आणि मी दिवसभर शब्द जुळवत होते. आमचे हे बाहेर गेल्यावर सांगायचं ठरवलं. हे गेले. मी म्हटलं, "मिस्त्री, त्या वेळी..." त्यांनी थापी थांबवली.

"व्हय?"

"मी नऊ दिवस रोज बघत होते."

"ठावं हाय मला. तुमी बघनार, म्हून तर तुमच्या हवाली केलं हुतं." त्यांनी वाट पाहिली. दहाव्या दिवसाचं माझ्या तोंडून निघेना. चुलीवर काहीच नव्हतं, तरी मी उठून चुलीपाशी गेले. "असू द्या," ते पाठीमागून म्हणाले आणि थापीचा आवाज पुन्हा सुरू झाला. संध्याकाळी निघताना त्यांनी कानामागची उदबत्ती काढून माझ्या हातात दिली आणि धूर कसा बघायचा ते पहिल्यापासून समजावून सांगितलं, जणू मी काही कधी शिकलेच नव्हते. "हे तुमच्या हवाली, ताई." त्या माणसाने मला दोन कानाखाली दिल्या असत्या तर मी सुटले असते.

त्यानंतरच्या दिवाळीत मी माहेरी होते. ओसरीवर कुणी पाहुणे आले होते. अण्णा नातीला मांडीवर घेऊन मिस्त्रींची गोष्ट सांगायला लागले. आता ती हसवण्याची गोष्ट झाली होती. मिस्त्री मधोमध उदबत्ती धरून कसा उभा राहायचा, त्याची नक्कल अण्णा करत होते आणि पोर टाळ्या पिटत होती. पाहुणे गेले. मी अण्णांसमोर बसले आणि सगळं सांगितलं. गोणपाट, पातळ, "मला काय माहीत" हेसुद्धा. अण्णा रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी उठून कोट घातला, टोपी घातली. "चल," म्हणाले. "मी सगळ्या गावात त्याला खोटा ठरवला. आता त्याच्यासमोर जाऊन उभं राहायला हवं."

भिंगारात उदबत्ती मिस्त्री म्हटल्यावर घर लगेच सापडलं. दारात एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. अण्णांनी विचारलं, मिस्त्री आहेत का, जरा काम होतं.

"गेले की वो भादव्यात," ती म्हणाली. "छातीत खोकला भरला हुता. लई दिस काढलं, मग गेले. बसा की."

आम्ही बसलो. अण्णा म्हणाले, फार कसबी माणूस होता. हे ऐकून तिला बरं वाटलं असावं. आतून पिशवी आणून तिने आमच्यापुढे एकेक वस्तू मांडली. थापी, ओळंबा, उदबत्त्यांचा पुडा. पुडा एका कापडात नीट बांधलेला होता. धुऊन धुऊन विटलेलं होतं, तरी हिरवी चौकडी ओळखू येत होती.

"ह्याचं काय गुपित हुतं देव जाने," ती कापडावरून हात फिरवत म्हणाली. "कुनाला हात लावू देत न्हवते. काम सुटलं तवा मी लई भांडले, खरं काय ते सांगून टाका म्हून. तर म्हनले, हे एका लेकीचं हाय. तिचं लगीन ठरत हुतं. मी बोललो आस्तो, तर मोडलं आस्तं."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी त्या कापडाकडे बघत होते. मग म्हणाले, "ती लेक मीच."

म्हातारीने कापडावरचा हात काढून घेतला. ती शिव्या देईल, पिशवी आवरून आत जाईल, काहीही करेल, मी सगळ्याला तयार होते. तिने माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे पाहिलं, हातातल्या बांगड्यांकडे पाहिलं.

"झालं न्हवं लगीन? मग सुखात हाय न्हवं, पोरी?"

मी सुखात होते. नाही म्हणावंसं वाटलं, पण त्या घरात मला खोटंही बोलता आलं नाही.